पॅक वाळेपर्यंत

वहिनीचं वाक्य सकाळपासून घशात अडकून बसलं होतं. वाक्य म्हणाल तर काही फार मोठं नव्हतं. 'पार्लरची खोली भाड्यानं द्यायची नाही.' बस्स, एवढंच. पहिलीतलं पोरगंसुद्धा एका दमात म्हणून मोकळं होईल. पण संध्याकाळी मोबाइल दुरुस्तीवाला खोलीची चावी न्यायला येणार होता, आणि त्याच्या आत हे वाक्य वहिनीच्या तोंडातून पुरतं बाहेर पडलं नाही, तर पार्लर गेलं म्हणूनच समजा.

वहिनी म्हणजे अख्ख्या गल्लीची वहिनी. घराच्या दर्शनी खोलीत तिनं पार्लर थाटलं होतं, आणि नवऱ्यामुलींपासून आजीबाईंपर्यंत गल्लीत एक चेहरा असा नव्हता ज्यावरून तिचा हात फिरला नाही. हाताबरोबर तोंडही चालायचं तिचं. भुवया कोरता कोरता ती सासवांच्या तक्रारी ऐकायची, न मागता सल्ले द्यायची, अबोला धरलेल्या जावांना शेजारशेजारच्या खुर्च्यांवर बसवून बोलतं करायची. आणि अशा बाईच्या मेंदूत नेमकी रक्ताची गुठळी व्हावी! देवाला तरी काय सुचतं बघा. हातपाय हळूहळू ताळ्यावर आले, समजतं सगळं पहिल्यासारखं, पण शब्द मेले यायलाच तयार नाहीत. एक निघाला की दुसऱ्याची वाट बघत बसायचं. लिहायला घ्यावं तर अक्षरं त्याहून चेंगट.

वाचा शिकवणाऱ्या बाईंनी घरच्यांना समोर बसवून बजावलं होतं, "यांना सगळं बोलता येणार आहे. फक्त तुम्ही थांबायला शिका. त्यांचं वाक्य त्यांना..."

"पूर्ण करू द्यायचं. कळलं, कळलं," नवरा म्हणाला होता.

आता बोला!

खोली भाड्यानं द्यायचं ठरलं तेही असंच. जेवताना नवऱ्यानं विचारलं, "तुला काय वाटतं?" वहिनी म्हणाली, "मला..." आणि पुढचा शब्द शोधायला लागली. तो आलाही असता. तिला म्हणायचं होतं, मला हे मान्य नाही. पण तेवढ्यात नवरा म्हणाला, "मला चालेल, असंच ना? तू समजूतदार आहेस, मला माहीतच होतं." आणि ताटावरून उठायच्या आत त्यानं त्या मोबाइलवाल्याला होकार कळवूनही टाकला. वहिनीचा घास हातातच राहिला. उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग म्हणतात ते काही उगीच नाही.

नवरा वाईट नव्हता हो. त्याच खोलीत, त्याच्या डोळ्यांदेखत ती कोसळली होती. तेव्हापासून त्या दारावरून जाताना तो तिकडे बघायचंही टाळायचा. खुर्च्या गेल्या, आरसे गेले, तिथं दुसरं कोणी बसलं की आपली धास्ती जाईल असं त्याला वाटत होतं. वाटू दे बापडं. पण आपल्या धास्तीपायी बायकोच्या हातचं काम काढून घ्यायचं, हा कुठला न्याय?

सकाळी चहाच्या वेळी वहिनीनं पहिला प्रयत्न केला. कप खाली ठेवला, सावरून बसली, श्वास घेतला.

"पार्लर..."

"हो हो, आजच आवरायचंय. सगळे येताहेत मदतीला. तू नुसती बसून राहा."

वहिनीनं जोरजोरात मान हलवली.

"मान दुखतेय का? थांब, मलम आणतो. तरी मी म्हणत होतो, ती उशी बदलू या."

आणि खरंच तो मलम घेऊन आला. वहिनीच्या निरोगी मानेला चोळचोळ चोळलं. तिला वाटलं, ती बाटली घ्यावी आणि खिडकीतून लांब भिरकावून द्यावी.

मग आक्का आली. आक्का म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. मनानं लोण्याहून मऊ, पण जिभेला लगाम नाही. सामान भरायला रिकामी खोकी घेऊन आली होती आणि आल्या आल्या पदर खोचून कामाला लागली. भावजय आजारी पडल्यापासून आक्का तिच्याशी ओरडून बोलायची. अगं बाई, वाचा अडलीय तिची, कान धडधाकट आहेत, हे आक्काला कोणी सांगायचं? जिनं सांगायचं तिला सांगता येत नव्हतं.

"आक्का," वहिनी म्हणाली, "खोली..."

"खोली झाडून देते की!" आक्का ओरडली. "तू! अजिबात! काळजी! करू नकोस!"

समोरच्या घरातला कुत्रा भुंकायला लागला.

पाठोपाठ वरच्या मजल्यावरच्या काकू दुपारच्या जेवणाचे डबे घेऊन हजर. काकूंचं आणखीनच वेगळं. वहिनीनं तोंड उघडलं की त्या कोडं सोडवायला बसायच्या. वहिनी म्हणाली, "काकू, मला..." की झालं सुरू. "पाणी हवंय? नाही? चादर? पंखा लावू? बंद करू? अंगठी रुततेय? बाथरूमला जायचंय?" प्रत्येकाला वहिनी मान हलवत राहायची आणि शेवटी दमून गप्प व्हायची. वहिनी गप्प झाली की काकू समाधानानं म्हणायच्या, "बघा, कळतं मला बरोबर!" आणि पंखा लावायच्या. आजही लावला. बोलणाऱ्याचा कोंडा खपतो आणि न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात, ते हे असं.

उरली आशा एकीची. पलीकडच्या गल्लीतली शिंपीण, वहिनीची जिवाभावाची मैत्रीण. दोघींनी धंदा बरोबरच सुरू केला होता. एकीनं ब्लाउज शिवायचे, दुसरीनं केस कापायचे, आणि दोघींनी मिळून गिऱ्हाइकांच्या नकला करायच्या. शिंपीण आली तशी वहिनीनं तिचा हात धरला आणि सरळ स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ओढून नेलं.

"पार्लर... बंद..." वहिनीनं तिच्या डोळ्यांत डोळे घालून सुरुवात केली. शिंपीण थांबली. खरंच थांबली! वहिनीच्या जिवात जीव आला. "बंद... होऊ..."

शिंपिणीचे डोळे भरून आले. "बंद होताना बघवत नाहीये ना तुला? कळतं गं मला. मला नाही कळणार तर कुणाला? मन घट्ट कर बाई." आणि तिनं वहिनीला असं कवटाळलं, की उरलेले दोन शब्द तिच्या खांद्यातच दबून गेले.

करायचं काय अशा माणसांचं? शत्रू असते तर दोन हात करता आले असते. ही सगळी तिच्या भल्यासाठी राबत होती. तिच्या भल्यासाठी नवऱ्यानं भिंतीवरचा मोठा आरसा काढायला घेतला. तिच्या भल्यासाठी आक्कानं शाम्पूच्या बाटल्या, मेणाचे डबे, रोलर, पिना सगळं एकाच खोक्यात कोंबलं. वहिनीनं इतक्या वर्षांत पिनांच्या डब्यात कधी साधा रबर पडू दिला नव्हता. तिच्या भल्यासाठी काकूंनी गिऱ्हाइकांच्या अंगावर टाकायचे धुतलेले कापडी झगे फरशी पुसायला घेतले.

वहिनी आरशासमोर जाऊन हात पसरून उभी राहिली.

"बाजूला हो गं, अंगावर पडेल," नवरा म्हणाला आणि खांद्याला धरून तिला अलगद बाजूला केलं. कपाट हलवताना वरची फुलदाणी बाजूला ठेवावी, तसं.

तेव्हा मात्र वहिनीचं डोकं फिरलं. तिनं कंगव्यांचा ट्रे उचलला आणि धाडकन जमिनीवर आपटला. कंगवे खोलीभर उडाले. सगळे जागच्या जागी थिजले. वहिनीला वाटलं, आता! आता ऐकतील.

"नको..." ती म्हणाली.

"गोळीची वेळ झाली वाटतं," काकू म्हणाल्या.

"चिडचिड होतेच या दुखण्यात," आक्का म्हणाली. "आमच्या शेजारच्या आजोबांना झालं होतं ना, ते तर ताटं भिरकवायचे. मनावर घ्यायचं नाही."

"बिचारी," शिंपीण म्हणाली आणि वाकून कंगवे गोळा करायला लागली.

बिचारी! तोंड दाबून बुक्क्यांचा मार दुसरा कसा असतो? वहिनी तरातरा न्हाणीघरात गेली, कडी लावली, नळ सोडला आणि मनसोक्त रडली. रडून झाल्यावर तिनं त्या वाहत्या नळासमोर उभं राहून वाक्य म्हटलं. पार्लरची... खोली... भाड्यानं... द्यायची... नाही. वेळ लागला, मधला एक शब्द दोनदा निसटला, पण म्हटलं. पूर्ण म्हटलं. नळाला कुठं जायची घाई नव्हती ना.

बाहेर आली तर चौघं दाराशीच उभी.

"साबण गेला वाटतं डोळ्यांत," नवरा म्हणाला.

जेवणं झाली. वहिनी जेवली नाही, तर "जास्त झालंय का तिला" यावर चर्चा झाली. दुपार कलायला लागली. खोली जवळजवळ रिकामी झाली होती. खुर्च्या तेवढ्या उरल्या, आणि गिऱ्हाइकांनी वाट बघत बसायचं बाकडं. मोबाइलवाला यायला फार वेळ नव्हता. वहिनी बाकड्याच्या टोकाला बसून आपल्या हातांकडे बघत होती. प्रयत्न करून करून तिची जीभ पार बधिर झाली होती. जाऊ दे, असं तिच्या मनात पहिल्यांदाच आलं. जाऊ दे पार्लर. भांडायला सुद्धा शब्द लागतात, आणि ते आपल्याकडे नाहीत.

तेवढ्यात फळीवरचा शेवटचा डबा उतरवताना आक्का ओरडली, "अगबाई! चेहऱ्याला लावायच्या मातीचा डबा अख्खा भरलेला आहे की! फुकट जाणार."

काकूंनी वाकून पाहिलं. "फुकट कशाला? चेहरे काय कमी आहेत इथं? सकाळपासून धुळीत आहोत सगळ्या."

"वहिनी, लावतेस?" शिंपीण म्हणाली. "शेवटचं म्हणून?"

शेवटचं म्हणून. पण हात तिच्या आधीच उठले होते. खोक्यातून वाटी निघाली, ब्रश निघाला. तिनं माती भिजवली, घोटली, बोटावर घेऊन पाहिली, पुन्हा दोन थेंब पाणी घातलं. या कामाला बोलावं लागत नाही. आक्का एका खुर्चीत, काकू दुसऱ्या खुर्चीत, शिंपीण बाकड्यावर. वहिनीचा ब्रश कपाळावरून गालावर, गालावरून हनुवटीवर असा फिरायला लागला, की काकूंनी डोळेच मिटले.

"मलाही लाव," नवरा शिंपिणीशेजारी येऊन बसत म्हणाला. "बघू दहा वर्षांनी लहान दिसतो का."

"वीस वर्षांनी लहान झालास तरी अक्कल येईल असं नाही," आक्का म्हणाली. सगळे हसले.

वहिनीनं त्यालाही लावलं. मिशीच्या कडेनं नीट, ओठांच्या भोवती नीट. वाटी खाली ठेवली, हात पुसले आणि म्हणाली, "आता तोंड मिटायचं. हसायचं नाही, बोलायचं नाही. वाळेपर्यंत जागचं हलायचं नाही."

चौघांचे डोळे गरकन तिच्याकडे वळले. वहिनी स्वतःही दचकली. एका दमात! न अडखळता! इतकी वर्षं दिवसातून किती वेळा म्हटलेलं ते वाक्य, घरच्या जिन्याची पायरी अंधारातही पायाला सापडावी तसं आपसूक बाहेर पडलं होतं.

"अग..." आक्कानं तोंड उघडलं.

वहिनीचं बोट वर झालं. "सुरकुत्या... पडतील."

आक्काचं तोंड खटकन मिटलं. बाईला तुम्ही आगीची भीती घाला, पुराची घाला, ती ऐकणार नाही. पण तोंडाला माती लावून सुरकुत्यांचं नाव काढलं की मोठ्या मोठ्या गप्प बसतात. आणि तीन बायका अशा ताठ बसलेल्या बघून नवरा बिचारा आपणही तसाच बसला. हाताची घडी आणि तोंडाला कुलूप.

खोली शांत झाली. काकूंनी लावलेला पंखा तेवढा कुरकुरत होता. वहिनीनं त्या चार मातकट चेहऱ्यांकडे पाहिलं आणि तिच्या ध्यानात आलं. सगळी इथेच होती. सगळी ऐकत होती. आणि एकालाही बोलता येत नव्हतं.

तिनं स्टूल ओढलं आणि त्यांच्या समोर बसली.

"पार्लर..."

नवऱ्याच्या घशातून 'हं' निघालं. वहिनीनं ब्रश रोखला. 'हं' परत आत गेलं.

"पार्लरची... खोली..." शब्द निसटला. तिनं डोळे मिटले, परत धरला. कोणी काही पुरवलं नाही. कोणाला पुरवताच येत नव्हतं. "भाड्यानं... द्यायची..."

आक्कानं खुर्चीचे हात घट्ट धरले होते.

"नाही."

पडलं बाबा एकदाचं! वहिनीला वाटलं होतं, एवढं म्हटलं की झालं. पण ते वाक्य म्हणजे गोणीच्या तोंडाची दोरी होती. ती सुटली आणि मागचं सगळंच बाहेर यायला लागलं. एकेक दाणा पडावा तसं, सावकाश.

"मी... हो... म्हटलं नव्हतं," ती नवऱ्याला म्हणाली. "मी... 'मला'... एवढंच म्हटलं. पुढचं... तुझं."

नवऱ्यानं मान खाली घातली.

"आक्का. मी... बहिरी... नाही."

मातीच्या कडेला आक्काचे कान लालबुंद झाले.

"काकू... पंखा... नको. कधीच... नको होता." मग ती शिंपिणीकडे वळली, आणि तिथं तिला सगळ्यांत जास्त वेळ लागला. "तू... माझ्या आधी... रडतेस. मग मला... तुझी समजूत... घालावी लागते."

शिंपिणीचे डोळे परत भरले. तिनं ते वर छताकडे केले आणि निमूट भरलेले ठेवले.

"इतके महिने," वहिनी म्हणाली, "सुरुवात... माझी. शेवट... तुमचा. एक वाक्य... माझं... नाही. मला... राग येतो." तिचा आवाज चढला. शब्द संथच होते, पण आवाज चढला. "खूप... येतो. जेवताना... येतो. झोपताना... येतो. तुम्ही... चांगले आहात ना... म्हणून... जास्त येतो."

नवऱ्याच्या दोन्ही गालांवरच्या मातीतून पाण्याच्या रेघा उतरत होत्या. त्यानं त्या पुसल्या नाहीत. पुसायला हात हलवावा लागला असता.

"तुला... भीती वाटते," ती त्याला म्हणाली, जरा हळू. "मला... पण. मी... इथं पडले. पण... काम... इथंच आहे."

त्याच वेळी दार वाजलं, आणि कोणी 'या' म्हणायच्या आत मोबाइलवाला आत आला. बोलघेवडा माणूस, दारातूनच सुरू झाला. "नमस्कार नमस्कार, जरा लवकरच आलो, म्हटलं उजेड आहे तोवर टेबलाची मापं घ्यावीत आणि चावी..." समोर चार मातीची तोंडं आपल्याकडे टकामका बघताहेत हे त्याला तेव्हा दिसलं. "अरे बापरे," तो म्हणाला.

नवऱ्यानं सवयीनं तोंड उघडलं. ओठांजवळची माती तडकली. त्यानं तोंड मिटलं आणि बायकोकडे पाहिलं.

वहिनी उठून उभी राहिली. "खोली..."

"रिकामी झाली ना? दिसतंय की! वा, छान केलीत हो, मग मी आता..."

"श्श्श!"

एकाच वेळी चार मिटल्या तोंडांतून. सगळ्यांत मोठा आवाज आक्काचा. मोबाइलवाला एक पाऊल मागे सरकला आणि गप्प झाला.

वहिनी पुढचा शब्द शोधत होती. 'द्यायची' शोधत होती. मघाशी सापडला होता, आता कुठं दडून बसला कोण जाणे. पंखा कुरकुरत होता. नवऱ्याच्या मुठी आवळल्या होत्या, काकू पुढं झुकल्या होत्या, आक्काला तर तो शब्द ओठांपर्यंत येऊन इतका टोचत होता की तिनं डोळेच गच्च मिटून घेतले. पण कोणी दिला नाही. वहिनीनं 'द्यायची'चा नाद सोडला. दुसरा शब्द जवळच उभा होता, तो घेतला.

"...माझी आहे."

मोबाइलवाल्यानं नवऱ्याकडे पाहिलं. "साहेब, पण आपलं तर बोलणं झालं होतं..."

साहेबांनी मातीनं माखलेली हनुवटी बायकोच्या दिशेनं वळवली. तिला विचार.

"म्हणजे ताई, खोली देणार नाही तुम्ही?"

"नाही," वहिनी म्हणाली. याला काही वेळ लागला नाही.

तो गेला. जिन्याशी काहीतरी पुटपुटत गेला, पण गेला. माती केव्हाच वाळून पांढरी पडली होती. आक्काचा चेहरा ताणला जात होता, नाक खाजत होतं, आणि आत किती बोलणं साठलं होतं ते तिचं तिलाच ठाऊक. शेवटी न राहवून तिनं ओठांच्या एका फटीतून विचारलं, अगदी हळू आवाजात, "वहिनी, आता धुवू का गं?"

वहिनीनं स्टूल आणखी जरा पुढं ओढलं आणि बसली.

"अजून... नाही," ती म्हणाली. "माझं... संपलं... नाही."

चौघंही मुकाट मागं टेकून बसली.